लाल दोऱ्याची पिशवी

"आई, गहू काकीच्या हातचा चालतो, मग पेरणीची पहिली मूठ काकीची का नाय चालत?"

प्रश्न खरं तर मैत्रिणींचा. ठकू आणि जयश्रीने शाळेच्या वाटेवर दीप्तीला डिवचलं होतं, तुझ्यात विचारायची हिंमत नाय म्हणून. दहावीतली पोरगी, असं ऐकून गप्प बसते होय! पेरणीच्या दिवशी आई ओटीचं ताट भरत होती, तिथेच तिने तोंड उघडलं.

आईचा हात थांबला. "सवाशिणीची असते गो ती मूठ. शाळेत जा."

मागच्या पडवीत निर्मलाकाकी ऐकत होती. सात वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हापासून पेरणीच्या दिवशी तिने पडवीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा मुरबाडजवळच्या त्या घरातला शिरस्ता. एरवी मात्र शेत तिच्याच जिवावर. संशोधन केंद्रातल्या साहेबांनी तिला गव्हाचा संकर शिकवला होता. ओंबी कोवळी असतानाच चिमट्याने आतले पुंकेसर उपटायचे, वर कागदी पिशवी चढवायची, तीन दिवसांनी दुसऱ्या जातीचा पराग शिंपडायचा. मग दरसाल ओंबी ओंबी पारखायची. सहा हंगाम डोळ्यांत तेल घालून तिने दोन वाण जमवले. एक माळावर दोन पाण्यांत तगणारा, दुसरा विहिरीच्या पाण्यावर भरघोस येणारा.

माळाच्या पिशवीला तिने लाल दोरा बांधला, विहिरीच्या पिशवीला हिरवा. काकी वाशिंदची, रुळांशेजारी सिग्नल बघत वाढलेली. लाल म्हणजे थांब. पाणी थांबव.

कुठली पिशवी कुठे, हे काकीला कुणी विचारलं नाही; आईला लाल म्हणजे कुंकू. पहिला मान लालला, म्हणून ती लाल पिशवी चांगल्या जमिनीत, विहिरीपाशी पडली, आणि हिरवी माळावर. संध्याकाळी काकी पडवीतून बाहेर आली आणि विहिरीपाशी पडलेली रिकामी लाल पिशवी तिने उचलून घेतली. म्हणाली, मी हाक मारली होती. कुणालाच ऐकू आली नव्हती म्हणे. बाबांनी हात झटकले. गहूच तो, पाणी दिलं की येतो.

फाल्गुनात विहिरीजवळचा गहू उंच वाढून आडवा झाला, उंदरांनी नेला. माळावरचा करपला. ओंबी चोळली तर हातात नुसता भुसा.

गाव बोललं, पांढऱ्या पायाची बाई घरात, दुसरं काय होणार. बाबा चार दिवसांनी काकीला वाशिंदला भावाकडे सोडून आले. आता ती कारखान्यात दिवसभर उभ्याने खोके भरते. जाताना तिने चिमटा दीप्तीच्या कंपासपेटीत ठेवला.

पुन्हा कार्तिक आला. आईने पुन्हा ताट घेतलं. तांदूळ घालता घालता तिने ताट खाली ठेवलं.

"मला ऐकू आली होती तिची हाक," आई म्हणाली. "'ताई, लाल माळावर!' ओटी हातात होती. अशा वेळी रांडवेला ओ द्यायची नाय, सासूबाईंनी शिकवलेलं."

बाबा दाराशी उभे होते.

दीप्ती पडवीत गेली. आढ्याला काकीने बेण्यासाठी राखलेली ओंब्यांची एक जुडी टांगलेली होती, लाल दोऱ्यात बांधलेली. ती जुडी घेऊन ती आईबाबांसमोर उभी राहिली.

"मी वाशिंदला चाललेय, काकीला आणायला," ती म्हणाली. "तोवर आपल्या शेतात एक दाणा पडणार नाय. आणि ती आली की पहिली मूठ तिची. पडवीत कोणाला बसवायचंच असेल, तर मला बसवा."