नववी सीट

"ताई, आठच आहेत."

"नऊ आहेत."

"कॉम्प्युटर आठ म्हणतोय."

"मग त्याला मोजता येत नाही. मी काल संध्याकाळी दोनदा मोजलेत."

विमानतळाच्या काउंटरवर मॅनेजरनं स्क्रीन तिच्याकडे वळवला. तोलताईनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि एकेक नावावर बोट ठेवत गेली. सहाव्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी एक नाव होतं आणि त्याच्यासमोर कराच्या रकान्यात शून्य. आठ महिन्यांचं बाळ, आईच्या मांडीवर बसून जाणारं.

"दोन वर्षांखाली कर नाही," मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला. "आणि कर नाही तो प्रवासी नाही. कंपनी माणसं करावरूनच मोजते. तुम्ही बाळ धरलंत ताई."

धरलं होतंच तोलताईनं. सत्तावीस वर्षं जे जे काट्यावर चढलं ते ते ती धरत आली होती, बाळ असो की म्हातारी. विमान एकोणीस सीटचं, इवलंसं, त्यामुळे इथं माणसाचंही वजन करावं लागायचं. जाड माणसं मधे, हलकी मागे, असं बसवलं नाही तर पायलट जागचा हलत नसे. हे तोलण्याचं काम तिचं, म्हणून अख्ख्या गावात तिला तोलताईच म्हणत. वजनाचा आकडा तिनं कधी मोठ्यानं उच्चारला नाही. चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी घालायची, पुढचा. गावातल्या कितीतरी सुनांना दिवस गेल्याचं सासूच्या आधी तोलताईला कळलेलं असायचं, आणि तिच्या तोंडून अवाक्षर बाहेर पडत नसे.

पण आज त्या पालथ्या चिठ्ठ्यांचा काय उपयोग? पाठीमागच्या बाकावर शिंपीमास्तर बसले होते. काळा चष्मा, मांडीवर पिशवी, शेजारी बायको. चौदा महिने ते दोन डोळ्यांची वाट बघत होते. बुबुळावर आलेला पडदा असा दाट झाला होता की सुईत दोरा बायको ओवून द्यायची आणि मास्तर कापड हातानं चाचपत शिवायचे. काल दुपारी शहरातल्या हॉस्पिटलचा फोन आला. कुणीतरी गेलं होतं आणि जाताना डोळे देऊन गेलं होतं. उद्या, म्हणजे आज, संध्याकाळी सहाच्या आत दाखल व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू.

मास्तरांची बायको धावत काउंटरवर आली होती. रात्रीची जीप गाठावी म्हणत होती, सोळा तासांचा घाटरस्ता. तोलताईनंच तिला अडवलं. "वेड लागलंय का वहिनी? त्या जीपमध्ये त्यांचे हाल करणार? नऊ माणसं झालीत, विमान जाणार म्हणजे जाणार. माझा शब्द आहे." तिच्या शब्दावर त्या बाईनं जीपची जागा सोडली. आता सकाळचे दहा वाजत आले होते. दुसरी जीप मिळाली तरी ती पोचणार उद्या पहाटे.

हे नऊचं खूळ आलं कुठून? कराच्या पाठोपाठ आलं. सरकारनं विमानाच्या प्रवाशावर डोक्यामागे कर बसवला आणि दोन वर्षांत तो तीनदा वाढवला. समुद्रापार दहा तास जाणाऱ्याला जेवढा, तेवढाच डोंगराच्या पलीकडे चाळीस मिनिटं जाणाऱ्याला. आता तर तिकिटापेक्षा करच मोठा झाला होता. सरकारचं म्हणणं, विमानात बसतात ते पैसेवाले, त्यांच्याकडून घेतलं तर बिघडलं कुठं? "बरोबर आहे की," तोलताई म्हणायची, "फक्त एकदा येऊन आमच्या काट्यापाशी उभं राहा म्हणावं. दाढ काढायला निघालेली म्हातारी, मुलाखतीला उसना कोट घालून निघालेला पोरगा, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई. हे तुमचे पैसेवाले!"

लोक येईनासे झाले. दिवसाला दोन विमानं होती त्याचं एक झालं, मग एक दिवसाआड. सामान चढवणारे दोघे होते, एक उरला. मेकॅनिक शहराला निघून गेला. कॅन्टीनला कुलूप लागलं. काउंटरवर तीन बायका होत्या, त्यांतली ही एकटी राहिली. आणि चार महिन्यांपूर्वी मुख्य कार्यालयातून फर्मान आलं की उड्डाणाच्या तासभर आधी कर भरलेले नऊ प्रवासी नसतील तर विमान रद्द.

अकराचं विमान. दहाच्या ठोक्याला कॉम्प्युटर आपणहून निकाल लावणार. उरली होती सोळा मिनिटं.

"मग बाळाचा कर घ्या," तोलताई म्हणाली.

"काय?"

"त्याची आई भरत असेल तर नाही म्हणू नका. मी बोलते तिच्याशी."

मॅनेजरनं बिचाऱ्यानं प्रयत्न केला. तिशीचा पोरगा, सहा महिन्यांपूर्वी मुख्य कार्यालयातून आलेला, मनानं वाईट नव्हता. पण कॉम्प्युटर जन्मतारीख बघायचा आणि शून्यावर परत यायचा. "घेत नाही," तो म्हणाला.

"एरवी माणूस श्वास घेतो त्याचाही कर घेतील, आणि आज द्यायला आलं तर घेत नाहीत! मेल्यांनो!"

मास्तरांची बायको केव्हाची शेजारी येऊन उभी राहिली होती. तोलताईचा चेहरा बघूनच तिला कळलं. "जात नाही ना?"

तोलताईला थाप मारता आली असती. तांत्रिक बिघाड, धुकं, काहीही. धुक्याला कोण जाब विचारतो? "वहिनी, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी लेकरू मोजलं."

ती बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मागे वळून नवऱ्याकडे बघत राहिली. मास्तर बाकावर ताठ बसून होते, नवे कपडे घालून, न्हाव्याकडे जाऊन आलेले. तोलताईला ते बघवेना. आणि त्याच क्षणी तिचं डोकं फिरलं. खरंच फिरलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की हा काउंटर उचलावा आणि कुणाच्या तरी टाळक्यात घालावा. काउंटर जमिनीला पक्का ठोकलेला होता, म्हणून तिनं पर्स उचलली.

"साहेब, माझं तिकीट काढा."

"तुम्हाला कर्मचाऱ्यांचा पास आहे ताई, पण पासवर कर नसतो. तो धरला जात नाही."

"पास कोण मागतंय? पुरं तिकीट. करासकट."

मॅनेजर तोंड उघडं टाकून बघत राहिला. "तुम्ही ड्यूटीवर आहात!"

"माझी किती रजा साठलीय?"

"असेल शंभराच्या वर, पण…"

"त्यातले दोन दिवस द्या. अर्ज हा घ्या." तिनं वजनाच्या कोऱ्या चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या आणि सही ठोकली.

"असं चालत नाही ताई. काउंटर सोडलात तर मला वर कळवावं लागेल. तुमची नोकरी जाईल."

"कळवा. तुमचं कामच आहे ते. फक्त खरं कारण लिहा, तब्येत बिघडली वगैरे लिहू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे."

मास्तरांची बायको पुढे आली, पदराच्या गाठीला हात घालू लागली. तोलताईनं तिचा हात धरला. "तुम्ही गप्प बसा वहिनी. चूक माझी, तिकीट माझं." घरी नव्या धुलाई यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले. जाऊ देत, हात काही मोडले नव्हते. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. "अहो, मी शहराला चाललेय. उद्या येते. वरण फ्रीजमध्ये आहे." तो म्हणाला, "स्वेटर घेतलास का?" एवढंच. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिनं मॅनेजरला दिसू दिलं नाही.

दहाला चार मिनिटं कमी असताना कॉम्प्युटरवर नऊ उमटले.

"आता वजन करा," ती काट्यापाशी जाऊन म्हणाली.

"मी?"

"मग मी माझंच करू? प्रवासी आहे मी आता."

मॅनेजरनं जन्मात काट्याला हात लावला नव्हता. त्यानं वाकून आकडा बघितला आणि हजेरी घ्यावी तसा खणखणीत आवाजात ओरडला, "एकाहत्तर!"

बाकावरची माणसं चपापली. ज्या बाईनं त्यांची सगळ्यांची अब्रू इतकी वर्षं पालथी घालून ठेवली तिचा आकडा असा चव्हाट्यावर! सामान चढवणारा तर खालीच बघू लागला.

"इथं वजन मोठ्यानं बोलत नसतात साहेब," तोलताई म्हणाली. "पण बोललातच, तर परत एकदा बोला. मागच्यांना ऐकू गेलं नसेल. एकाहत्तर किलो, आणि सगळ्याचा कर भरलाय म्हणावं."

बाळाची आई आधी हसली, मग सगळेच हसले. मास्तरसुद्धा. मॅनेजरचे कान लाल झाले. पण त्यानं काम नीट केलं, ती सांगेल तसं, एकेकाचा आकडा चिठ्ठीवर लिहून. मास्तरांच्या चिठ्ठीवर तिनं हळूच नजर टाकली. चार महिन्यांपूर्वीच्या तपासणीच्या फेरीपेक्षा पाच किलो उतरले होते.

विमान तिला कधी सोसलं नाही. पासवर चारपाचदा गेली असेल, प्रत्येक वेळी कागदी पिशवी तोंडाशी धरून. आजही उडालं आणि तिच्या पोटात ढवळायला लागलं. मास्तर पलीकडच्या सीटवर होते.

"ताई, लिंबू चोखा," त्यांनी खिशातून अर्धं लिंबू काढून हात पुढे केला, तिच्या जरा डावीकडे, कारण ती नेमकी कुठं आहे ते त्यांना दिसत नव्हतं. "डोळे आले की पहिला कपडा तुमचा शिवीन. माप माहीत झालंय आता सगळ्यांनाच."

"शिवाल हो. आधी सहाच्या आत पोचा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

पावणेबाराला ते शहरात उतरले. दारात टॅक्सी मिळाली. मास्तरांची बायको टॅक्सीत बसता बसता तिच्या गळ्यात पडली. "जा आता," तोलताई म्हणाली, "सिग्नल लागला तर बसाल रडत." टॅक्सी गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तोलताई उभी होती, आणि मग पर्समधला फोन वाजला.

मुख्य कार्यालय. पुरुषाचा आवाज, मऊ, थंडगार. "आपण आज कंपनीचा नियम मोडलात."

"मोडला? पाळला. नऊ म्हणालात, नऊ दिले."

"आपण ड्यूटी सोडून स्वतःच प्रवासी झालात. ही फसवणूक आहे."

"फसवलं कुणाला? तिकीट भरलं, कर भरला, वजन दिलं. सीटवर बसून ओकत आले, त्याचंही बिल हवं का?"

"हे बघा बाई, कर आम्ही लावलेला नाही. सरकारनं लावलाय. रिकामं विमान उडवून कंपनी बुडवायची का आम्ही?"

यात खोटं काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. "कर सरकारनं लावला," ती म्हणाली, "पण नऊ तुम्ही लावलेत. आठवा माणूस आंधळा होत होता साहेब. आठ म्हणजे रिकामं का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. तिच्यावर चौकशी बसेल, तो म्हणाला. आणि तसंही, आणखी एक उड्डाण रद्द झालं की महिन्यातल्या रद्द उड्डाणांची मर्यादा ओलांडली जाते, मग हा मार्ग बंदच करायचं ठरलंय. उद्याच्या परतीच्या विमानाला माणसं नाहीत. तेव्हा तिनं फार जीव लावून घेऊ नये. फोन ठेवला गेला.

ती तशीच आत गेली. मोठा काचेचा हॉल, चकचकीत फरशी, चाकांच्या बॅगा ओढत चाललेली माणसं. आपल्या कंपनीचा काउंटर शोधून तिनं तिथल्या मुलीला विचारलं, "बाळ, उद्या सकाळी वर आमच्या गावाला जाणाऱ्या विमानात किती?"

"सात, मॅडम. बहुतेक रद्द होईल."

"सात ते कर भरलेले? तान्ही सोडून?"

"हो, कर भरलेले."

"मला धर. आठ." तिनं पुन्हा पर्स उघडली. मुलीनं तिकीट दिलं आणि जरा कीव आल्यासारखं म्हणाली, "पण एक कमीच पडतो ना, मॅडम."

तोलताईनं हॉलभर नजर फिरवली. एवढी माणसं, एक काय सापडणार नाही? पाय दुखत होते, नोकरी गेल्यातच जमा होती. ती चालत चालत हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली, जिथं चारी बाजूंनी येणारे लोक एकमेकांना ओलांडत होते. घसा खाकरला आणि जीपवाले स्टँडवर देतात तशी खणखणीत हाक दिली, "चला, डोंगरापलीकडे वर जाणारं कोणी आहे का? उद्या सकाळी! एकच सीट! एकच सीट राहिली!"

बॅगांची चाकं थांबली. शेकडो चेहरे वळले. एक सुरक्षारक्षक लगबगीनं तिच्याकडे आला. तिचा गणवेश बघून गोंधळला, मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, इथं असं ओरडायचं नाही."

"मग कुठं ओरडायचं, ते सांगा. मी तिथं जाते."

तिनं पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा हाक दिली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.