अर्ध्या फडक्यावरचा डाग

शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. डागबाबांनी पुढ्यातल्या म्हाताऱ्याच्या कपाळावर पाणी शिंपडलं, त्याने घरून आणलेल्या पांढऱ्या फडक्याने कपाळ पुसलं, आणि फडक्यावर काळानिळा डाग उमटला. आतलं दुःख बाहेर पडलं, बाबा म्हणाले. गर्दीने हात जोडले. तिसऱ्या खेपेला फडकं कोरं निघालं की रोगी बरा. अटी दोनच: फडकं घरचं, खळ घालून कडक वाळवलेलं हवं; आणि डॉक्टरी गोळ्या बंद. गोळ्यांनी म्हणे काळं आत चिकटून बसतं.

फडकं घरचंच, मग लबाडी कसली? जो तो फडक्याकडे डोळे लावून बसे. पाण्याकडे कुणी पाहिलंच नाही.

रांगेत आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या जिवाला घोर होता सुताराच्या सुनेचा. बाळंत झाल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून बसे. एकदा सहज बोलावं तसं म्हणाली होती, विहीर आजकाल फार जवळ वाटते. सिस्टरांनी तिला चार तास बसमधून डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. सहाव्या आठवड्यात तिने आपणहून बाळाला मांडीवर घेतलं. मग बाबा आले. सासूने गोळ्या चुलीत टाकल्या. काल तिचं फडकं कोरं निघालं. सून बरी झाली म्हणून सासू घरोघर सांगत सुटली, आणि सून पुन्हा भिंतीकडे वळली.

सिस्टरांचा नंबर आला. बाबा आवाजात साखर घोळवून म्हणाले, "पोरी, सात जणींचं ओझं वाहतेस तू."

"सातच? माझ्याकडे अकरा गावं आहेत."

रांगेत खसखस पिकली. बाबांनी घाईने पाणी शिंपडलं. सिस्टरांनी फडक्याच्या एका टोकाने कपाळ पुसलं. काही नाही. दुसऱ्या टोकाने पुसलं. काळा डाग.

"कपाळ एक, पाणी एक," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग अर्ध्या फडक्यालाच दुःख कसं दिसलं? खळ मी अर्ध्यालाच घातली होती."

बाबा श्रद्धेवर बोलू लागले. सिस्टरांनी त्यांच्या भांड्यात पंजा बुडवला आणि पुढे बसलेल्या, बाबांची थोरवी गाऊन न थकणाऱ्या दुकानदारकाकांच्या खळीच्या कडक बाहीवर टेकवला. पाच काळी बोटं उठली.

"काका, तुमच्या बाहीला कसलं दुःख झालं?"

मग त्यांनी उलगडून सांगितलं. पाण्यात आयोडीन आहे, जखमेला लावतात तेच. खळीतल्या स्टार्चला लागलं की काळंनिळं होतं. तिसऱ्या खेपेला बाबा साधं पाणी शिंपडतात. दरवर्षी याच पटांगणात सिस्टर बटाट्याच्या फोडीवर हेच करून दाखवत होत्या. लोक टाळ्या वाजवून घरी जात होते.

बाबा मागच्या फाटकातून कधी सटकले, कळलंही नाही. लोक मात्र हलेनात. सुताराची बायको, त्या सुनेची सासू, पुढे आली. ती भांडायला आली नव्हती.

"खोटं होतं, सिस्टर, मान्य. पण त्याने माझ्या सुनेचा हात धरून विचारलं, काय होतंय बाई. तुमच्या उपकेंद्रातल्या डॉक्टरांच्या खोलीला वर्षभर कुलूप आहे. आम्ही जायचं कुठं?"

मागे उभी असलेली सून त्या काळ्या डागाकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी तिने तोंड उघडलं.

"म्हणजे ते अजून आतच आहे?"

सिस्टरांनी तिचा हात धरला. आहे, म्हणाल्या, पण ते काळं नाही, पाप नाही. आजार आहे, आणि त्याला औषध आहे. पिशवीतून त्यांनी पाकीट काढलं. उपकेंद्राच्या साठ्यातल्या चारच गोळ्या उरल्या होत्या. नव्या गोळ्यांच्या मागणीचं पत्र तिसऱ्यांदा वर गेलं होतं. चार गोळ्यांनंतर काय, हे कुणी विचारलं नाही. सासूने पाणी आणलं आणि आधी स्वतः एक घोट पिऊन पाहिलं.

हात जोडायला देवाने कधी ना म्हटलेलं नाही. पण जोडलेल्या हातांनी डोळे झाकू नयेत. देवाला आयोडीनची बाटली लागत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर पाणी कुठलं ते विचारा, चालू औषध कुणाच्या सांगण्यावरून टाकू नका. आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, तेही विचारा. एकदा विचारून भागणार नाही.