रुमालाखालचा भाव

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात गनीभाई दलालाचा तांबडा रुमाल दिसला, की मच्छिंद्राच्या पोटात दुखायचं. दलाल तोही होता, बैल त्यालाही कळत होते. पण ऊस ओढायला बैल घेणाऱ्या विलायती कंपनीचा साहेब आला, की थेट गनीभाईकडंच जायचा. "त्याच्या रुमालाला काय सोनं लागलंय?" मच्छिंद्र बायकोपाशी, मुक्ताबाईपाशी, धुसफुसायचा.

सोनं कुठलं? कसब होतं. सौदा रुमालाखाली व्हायचा. बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता नाही. दिवस लढाईचे, बैलांचे भाव भडकलेले. कंपनीच्या विलायतेतल्या मालकांना बैल स्वस्तात हवेत, शेतकऱ्याला चढा भाव हवा, कंपनीच्या गाडीवानांना धडधाकट जोडी हवी. साहेब मधल्या मध्ये भरडून निघायचा. गनीभाई मात्र एकदा याची बोटं दाबायचा, एकदा त्याची, आणि सगळेच खुशीत घरी जायचे. हेच तर मच्छिंद्राला बघवत नव्हतं.

एका बाजारी त्यानं साहेबाला गाठलं. "सायेब, झाकून करत्यात ते चोरीचंच आसतं. रुमाल काढा, भाव मोठ्यानं बोला. मी करतो की तुमचे सौदे!"

साहेबाला विलायतेतून या झाकल्या भावांबद्दल विचारणा होतच होती. त्यानं हुकूम काढला, कंपनीचा सौदा यापुढं उघड्यावर.

पुढच्या बाजाराला मच्छिंद्र नवा फेटा बांधून हजर. शेतकऱ्यानं भाव ओरडून सांगितला, साहेबानं ओरडून उत्तर दिलं, जोडी खुंट्यावरून सुटली. दुसरी सुटली, तिसरी सुटली.

"सायेब, आन मी?"

"भाव सगळ्यांना ऐकू येतो," साहेब म्हणाला. "मग दलाल कशाला?"

घ्या! हात दाखवून अवलक्षण. गनीभाईच्या हातून कंपनी गेली खरी, पण गावोगावचे शेतकरी आपसातल्या सौद्याला अजून त्याच्याच लिंबाखाली बसत होते. मच्छिंद्राकडं कोण फिरकतंय?

"मच्छिंद्रा, हिकडं ये," गनीभाईनं हाक मारली.

आता चारचौघांत उद्धार होणार, म्हणून मच्छिंद्र मान खाली घालून गेला. गनीभाईनं त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून त्याच्या बोटाचं मधलं पेर चिमटीत धरलं. त्याचा अर्थ बाजारातल्या पोरासोरांनाही ठाऊक होता. निम्मं. आजच्या दलालीतलं निम्मं तुझं.

मच्छिंद्र तळपायापासून पेटला. मेल्यानं शिव्या दिल्या असत्या तर पुरवलं असतं! इथंही वरचढच!

पण घरी मुक्ताबाई थंड चुलीपाशी वाट बघत असणार होती. त्यानं हात काढून घेतला नाही.