वाणाच्या गाड्या

माझा नवरा शुभंकर खेळण्यातल्या गाड्या जमवतो. ‘खेळण्यातल्या’ म्हटलेलं त्याला खपत नाही, ‘स्केल मॉडेल’ म्हणायचं. फेरारी, लॅम्बोर्गिनी, पगानी, सगळी इटलीची खानदानी मंडळी, वीतभर लांबीची. हिंजवडीहून कंपनीच्या बसमध्ये आंबून आला, की बूटही न काढता आधी काचेच्या कपाटापुढे उभा. गाडी उचलायची तर हातमोजे घालून. मला तर त्या कपाटासमोर शिंकायचीही चोरी.

दिवाळीनंतर मी बहिणीकडे साताऱ्याला गेले, तेवढ्यात दुसरं कपाट आलं. त्याला जागा हवी म्हणून या गृहस्थाने माझी पेटी भंगारवाल्याला दिली. बाबांनी घेऊन दिलेली, शाळेपासून माझ्या बोटांना सरावलेली पेटी. रोज सकाळी त्याच कोपऱ्यात बसून मी गायचे. म्हणे, “अगं, जुनी झाली होती. भात्यातून हवा सुटायची.” मी हडपसरमधली भंगाराची दुकानं पालथी घातली. सापडला तो नुसता सांगाडा. आतले पितळी सूर वितळायला गेले होते. घरी येऊन मी भांडले नाही. भांडण मिटतं, आणि मला हे मिटवायचं नव्हतं.

संक्रांत आली. सासूबाईंचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या सोसायटीतला मोठा सोहळा. वाण काय लुटायचं, यावर त्यांचा महिनाभर खल चालतो. यंदा मी म्हटलं, “आई, वाणाचं माझ्यावर सोपवा.” त्या खूश झाल्या.

ठरल्या दिवशी शुभंकर ऑफिसात असताना बायका आल्या. मी एकेकीला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातात एकेक गाडी ठेवली. वाहनाची पूजा नको का? म्हणून प्रत्येक गाडीच्या बॉनेटवरही ओलं कुंकू, चांगलं ठसठशीत.

“अगोबाई, हिची दारं वर उघडतात!” खालच्या मजल्यावरच्या शैलाकाकू हरखल्या.

“उघडा की काकू, मोडली तरी चालतील.”

दोन्ही कपाटं रिकामी झाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की उरलेला तिळगूळ मी एकटीने संपवला.

संध्याकाळी शुभंकर आला, कपाटापुढे गेला आणि ओरडला. मी काय झालं ते सांगितलं. तो धावत शैलाकाकूंकडे गेला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

“काकू, ती गाडी चुकून दिली गेली. परत द्याल का?”

“चुकून? हळदकुंकू लावून?” काकू म्हणाल्या. “लुटलेलं वाण परत मागत नाहीत, शुभंकर. घरी कुणी शिकवलं नाही वाटतं.” आणि त्यांनी दार लावलं.

तो आईकडे गेला. “आई, तू तरी सांग ना सगळ्यांना.”

“खबरदार,” सासूबाई म्हणाल्या. “सवाष्णींच्या हातातलं वाण काढून आणलंस, तर या घरात मी पुन्हा हळदीकुंकू करणार नाही.”

मग तो माझ्यासमोर येऊन बसला. डोळे भरले होते. मला दया यायला हवी होती, पण आली नाही.

“किती वर्षं जमवल्या होत्या गं,” तो म्हणाला. “निदान काहीतरी ठेवायचंस.”

“ठेवलंय की. कपाटं आहेत. रोज सकाळी बघत जा त्यांच्याकडे. मीही त्याच कोपऱ्याकडे बघत असते.”