घडीतल्या ओळी

बस डेपोच्या संगणकखोलीत ताई सकाळपासून खुर्चीला चिकटली होती. डोळ्यांत नुसती वाळू. उद्या वडिलांचं ऑपरेशन. त्याआधी त्यांना एकदा डोळे भरून पाहायचं, एवढीच तिची इच्छा. पण ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावणारा प्रोग्राम दुरुस्त झाल्याखेरीज उठता येईना.

प्रोग्राम डेपोतल्या जुन्या मास्तरांचा. ते निवृत्त झाले, प्रोग्राम लिहायचा एडिटर मात्र तोच म्हातारा राहिला. मास्तरांची पद्धत अशी, की प्रत्येक भागाच्या डोक्यावर तीन महिरपी कंस उघडायचे आणि पायाशी तीन मिटायचे. त्या खुणा पाहून एडिटर मधल्या पसाऱ्याची चादरीसारखी घडी घाली. वर दिसे फक्त नावाची एक ओळ.

‘जुन्या सुट्ट्या’ ही तसलीच ओळ. ताईला वाटलं, नुसती टीप आहे. खोडली. पुढे एक अंक बदलला, साठवलं, चालवून पाहिलं, तर प्रोग्रामने हातच वर केले. रजेचे सगळे नियम त्या घडीत होते! मागे फिरावं, तर हा एडिटर शेवटचा बदल तेवढा मागे घेई. अंक परत आला, घडी गेली ती गेलीच.

तिने मास्तरांना फोन लावला. “मास्तर, घोटाळा केला मी. आता बंद करते आणि कालच्या प्रतीवरून दिवसभराचं सगळं पुन्हा...”

“अगं, थांब! बंद करू नकोस. पेटी फेकल्यावर आतले कपडे काय हवेत तरंगतील? घडीसकट सगळं गेलं. पण तो म्हातारा एडिटर खोडलेलं लगेच टाकत नाही, बंद करेपर्यंत बगलेत धरून बसतो. चिकटव परत.”

“हे कधी बोलला नाहीत ते!”

“तुम्ही नव्या एडिटरवाले. मला विचारतंय कोण?”

तिने चिकटवलं. ओळ आली. या वेळी घडी उलगडून तळापर्यंत वाचली, मगच प्रोग्राम चालवला. ड्यूट्या लागल्या. तोवर इस्पितळातून आत्याचे तीन फोन येऊन गेले होते.

ती पोचली तेव्हा वॉर्डाचे दिवे मंद होत होते. नर्सने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि बाजूला झाली. वडील डोळे मिटून पडले होते. तिने त्यांचा हात हातात घेतला.

“झालं काम?” त्यांनी न पाहताच विचारलं.

“झालं, बाबा.”

“मग टेक जरा. किती दमलीस गं.”

तिने पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं.