चौकी क्रमांक नऊचा पाणीवापर

१० डिसेंबर १९५६ रोजी लालबागमधील सफाई कामगारांच्या चौकी क्रमांक नऊचा पाणीवापर दिवसाला पाचशे चाळीस गॅलनवरून अकरा गॅलनवर आला आणि पुढे सतरा महिने अकराच राहिला. या काळात चौकीवरची माणसे छत्तीसच होती. कामही तेच होते: गटारात उतरून गाळ उपसणे.

शहराला पुढील वीस वर्षांत कोठे किती चौक्या, कोठारे आणि न्हाणीघरे लागतील, याचा बांधकाम खात्याचा आराखडा मे १९५८ मध्ये माझ्या टेबलावर होता. पद्धत सोपी होती. आजचा वापर घ्यायचा, त्याला वाढीचा गुणक लावायचा. येणारा आकडा म्हणजे १९७८ ची गरज. ही पद्धत मीच सुचवली होती. तिच्यानुसार चौकी नऊला न्हाणीघराची गरज नव्हती. तक्ते शनिवारी छापखान्यात जाणार होते आणि एकदा छापल्यावर वीस वर्षे ते कोणी बदलणार नव्हते.

"अहो, मुंबई कुठल्या राज्यात राहायची ते अजून ठरत नाही," आमचे कार्यकारी अभियंता शामराव म्हणाले, "आणि तुम्ही अठ्ठ्याहत्तर सालची मोरी मोजताय. अकरा तर अकरा. लिहा आणि मोकळे व्हा."

मी सोमवारी चौकीवर गेलो. पहिला संशय मीटरवर होता. दहा गॅलनचे पिंप दहा वेळा भरले. मीटरने नव्व्याण्णव दाखवले. दुसरा संशय हजेरीपटावर होता. माणसे मोजली, छत्तीस भरली. बाहेरच्या भिंतीवर चुन्याने मोठ्या अक्षरांत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे लिहिलेले होते.

"आमच्या गँगमधल्या सीतारामचं अक्षर," मुकादम गणपत अभिमानाने म्हणाला. "छप्पनच्या जानेवारीत मोर्च्यातून पोलिसांनी आम्हा दोघांना एकाच लॉरीत घातलं, साहेब. त्याचं डोकं फुटलेलं. माझं धोतर फाडून बांधलं मी. तेव्हापासून भावासारखा आहे तो मला."

"मग ही माणसं पाणी का वापरत नाहीत?"

"पाणी आहे, नळ आहे. घेत नाहीत तर मी काय करू? त्यांनाच विचारा."

नळ भिंतीच्या आत, गणपतच्या पडवीत होता. शेजारी त्याच्या पिण्याच्या पाण्याचा माठ. पडवीला कुलूप असे. खुंटीवर रबरी नळीचे वेटोळे होते. मी सामानाच्या यादीत नोंद केली: 'रबरी नळी, पंचवीस फूट, वापराविना तडकलेली.' ती कशासाठी होती, हे मी विचारले नाही.

दुपारी एकला माणसे वर आली. कमरेपर्यंत काळी. त्यांनी फावडी जागेवर ठेवली आणि तशीच नायगावच्या दिशेने निघाली. चिंध्यांनी पोटरी बांधलेला एक उंच माणूस सर्वांच्या मागे राहिला. तो सीताराम होता.

"पायाला काय झालं?"

"पत्रा लागला, साहेब. आठ दिवस झाले."

"इथे धूत का नाही?"

त्याने भिंतीकडे पाहिले. "घरी धुतो," म्हणाला आणि चालू लागला. त्याच्यामागे चिंध्यांचा वास राहिला. जखमेवर वाळणाऱ्या गटाराच्या गाळात काय असते, हे मी प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहिले होते. मला ते ठाऊक होते आणि तरी मी मंगळवारी व बुधवारी कचेरीत बसून शेजारच्या गळतीचा नकाशा तपासला. आधीच्या पाचशे चाळीसमध्ये गळती नव्हती.

गुरुवारी सीताराम कामावर नव्हता. मी नायगावला बी.डी.डी. चाळीत त्याची खोली शोधली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि तापात बडबडत होता. मांडीपर्यंत पाय सुजून चकचकीत ताणला होता. त्याची बायको राधाबाई चिंध्या उकळत होती.

"मोजायला आलात?" ती म्हणाली. "मोजा. नळ सकाळ-संध्याकाळ येतो. दुपारी हा एक डबा. ह्याच्यात माणूस धुवायचा, पाय धुवायचा आणि पोरांना प्यायला ठेवायचं. लिहून घ्या."

"चौकीवर तर पाणी भरपूर आहे, बाई."

"आहे ना. बसायचं ओळीनं भिंतीखाली आणि गणपतराव वरून नळी सोडणार. गुरं धुतात तसं. नळाला आमचा हात लागता कामा नये. वीस वर्षं बसले हे. बाबासाहेबांना दादरला निरोप दिला त्या दिवशी सगळ्या गँगनं तिथंच धम्म घेतला, आणि सोमवारी कामावर गेल्यावर कुणी बसलं नाही. बस्स."

"मग नळ मागायचा होता."

तिने माझ्याकडे पाहिले. "मागितला की. नळ चार फूट भिंतीबाहेर काढा, एवढंच. छत्तीस जणांच्या सह्या आहेत. साहेबलोकांनी सांगितलं, पुढच्या आराखड्यात बघू. कुणाकडे आहे हो तो आराखडा?"

मी खाली धावलो. टॅक्सी आणली. राधाबाई, मी आणि एक शेजारी अशा तिघांनी मिळून त्याला खाली उतरवले. रुग्णालयातल्या सर्जनने पाय पाहिला, मांडीवर बोटाने एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, "इथून." राधाबाईने कागदावर अंगठा न लावता सही केली. जागा राहील का, असे तिने मला विचारले. एका पायाचा माणूस गटारात उतरू शकत नाही. हेही मी तिला सांगितले नाही.

कचेरीत परतून मी माझे कपाट उघडले. 'सूचना, आकडेवारीविना' असे लिहिलेल्या फायलीत तो अर्ज होता. मार्च १९५७. वरचे अक्षर मी ओळखले, भिंतीवरचेच होते. त्याखाली छत्तीस सह्या होत्या आणि कोपऱ्यात माझी: 'दीर्घकालीन आराखड्यात विचार व्हावा.' कारण सांगणारे पुढचे पान कधी उलटले गेले नव्हते. टाचणीच्या गंजाचा डाग दोन्ही पानांवर जुळत होता.

गणपतला मी त्याच संध्याकाळी गाठले. सीतारामच्या पायाचे ऐकून तो रडू लागला. "मी कधी नाही म्हटलं का पाण्याला? रोज सोडत होतो. तेच रुसले."

"नळ बाहेर काढू या का उद्या?"

त्याने डोळे पुसले. "आत माझं पिण्याचं पाणी असतं, साहेब," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तक्ता शामरावांपुढे ठेवला. चौकी नऊच्या ओळीत मी पाचशे चाळीस लिहून गुणक लावला होता.

"हा आकडा मीटरचा नाही."

"नाही. मीटर वापर मोजतो. गरज मोजत नाही."

"ते छान आहे, पण समितीत पुरावा मागतील. आणि कारण लिहायला तक्त्यात रकानाच नाही."

त्यांनी पाचशे चाळीसवर रेघ मारली, अकरा लिहिले आणि कागद माझ्याकडे सहीसाठी सरकवला. मी तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तेथे मी शाईने पुढील मजकूर लिहिला आणि सही त्याखाली केली:

'चौकी क्रमांक नऊ. वापर घटण्याचे कारण. नळ मुकादमाच्या पडवीत आहे. कामगारांचा हात नळाला लागू नये म्हणून मुकादम भिंतीवरून नळीने त्यांच्या अंगावर पाणी सोडत असे. ७ डिसेंबर १९५६ रोजी कामगारांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व १० तारखेपासून असे पाणी घेणे बंद केले. राहिलेले अकरा गॅलन एकट्या मुकादमाचे आहेत. नळ चार फूट बाहेर काढण्याचा अर्ज चौदा महिन्यांपूर्वी खात्यात आला. खाली सही करणाऱ्याने तो न वाचता फायलीत लावला.'