रविवारची सर्दी

एका हातमोज्यावर दुसरा चढवून तिने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. मग आईच्या पोटावरची पिशवी वरच्या कडेने हलके हलके सोडवू लागली. चिकटपट्टी कातडी ओढत सुटत होती. खाली आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड दिसलं. लालभडक, ओलसर, आपल्याच लयीत आकसणारं. तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. तिने ते गिळलं.

“वास मारतोय ना?” आईने छताकडे बघत विचारलं.

“मला कुठे कळतंय? नाक चोंदलंय.”

“तुझ्या नाकाला रविवार बरा कळतो!”

आई स्वतःच हसली. पोट हललं आणि हिरवट थेंब ओघळून चादरीवर आला.

“हसू नकोस गं, सांडतंय.”

सोमवार ते शनिवार ती अशाच आतड्यांत हात घालून बसायची. शस्त्रक्रियेत कापलेले तुकडे बर्फावरून प्रयोगशाळेत येत. त्यांवरचा शेंबडासारखा थर धुवायचा, अस्तर सोलायचं, कात्रीने बारीक करायचं आणि त्यातून डेंड्रायटिक पेशी वेगळ्या काढायच्या. परक्यांच्या त्या मांसाची तिला कधी शिसारी आली नव्हती. हात धुऊन ती शेजारच्याच खोलीत डबा खायची. शिसारी यायची ती इथे, रविवारी, आईच्या या धुतलेल्या चादरीपाशी. आणि घरी जाताना स्वतःचीही.

त्या पेशींचं काम तिने आईला एकदा समजावून सांगितलं होतं. आतड्याच्या अस्तरात त्या फांद्यांसारखे हात पसरून पहाऱ्याला बसतात. येणारा-जाणारा घास, जंतू, सगळं चाचपतात आणि सैनिक पेशींना जाऊन सांगतात, हा आपला, हा परका. तुझ्या आतड्यात त्यांनी वर्षानुवर्षं नांदणाऱ्या निरुपद्रवी जंतूंविरुद्धही ओरड केली असावी. सैनिक धावून आले आणि घरच जाळत सुटले.

“म्हणजे चोंबड्याच की,” आई म्हणाली होती. मोठं आतडं काढावं लागलं तरी ते नाव टिकलं.

“काय म्हणतायत तुझ्या चोंबड्या?” आईने आताही विचारलं.

“अजून खरं बोलत नाहीत.”

“त्या बोलतील गं. तुझंच काय ते.”

तिने जुनी पिशवी उजेडात धरली. तळाला चमचाभर गडद हिरवा, चिकट द्रव होता, बस.

“आज फारच थोडं आहे,” ती म्हणाली. आवाजातली सुटका तिला लपवता आली नाही.

“बरं झालं ना?”

आईचे ओठ सुकून चिरले होते. तिने त्यांवर मलम लावलं, हातमोजा न काढताच. जुनी पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसरीत, प्रत्येकीला गाठ. जाताना खाली टाकू म्हणून ते गाठोडं तिने मागच्या गॅलरीत ठेवलं आणि विसरली.

सोमवारी सकाळी, आईचं सगळं करणाऱ्या मावशी आल्या तेव्हा आई हाकेला ओ देईना. मंगळवारी ती गेली.

“पाणी कमी प्यायच्या का?” डॉक्टरांनी विचारलं होतं. “अशा रुग्णांच्या शरीरातलं पाणी लवकर आटतं. मूत्रपिंडं बंद पडतात.”

“नाही. भरपूर पिते ती,” तिने ठणकावून सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी ती आईचं घर आवरायला आली, तेव्हा मावशी किल्ली परत द्यायला आल्या. चप्पल न काढता दारातच उभ्या राहिल्या.

“ताई, सर्दी बरी आहे का आता?”

“कसली सर्दी?”

“आई म्हणायच्या ना, लेकीला रविवारची सर्दी होते.” मावशी हसल्या आणि तिचा चेहरा बघून थांबल्या. “शनिवारी दुपारनंतर त्या काही घ्यायच्या नाहीत. घास नाही की घोट नाही. मी भांडायचे. म्हणायच्या, पिशवी रिकामी राहू दे, पोर तोंडाने श्वास घेते, मला बघवत नाही. शेवटच्या आठवड्यात तर शुक्रवारपासूनच.”

“मला का नाही सांगितलंत?”

“शपथ घातली होती त्यांनी.” मावशींनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. “आणि ताई, तुम्ही त्यातल्याच शिकलेल्या. मला वाटलं, तुम्हाला दिसतच असेल.”

मावशी गेल्यावर तिने दार लावून घेतलं. घर बंद होतं तरी कुठूनतरी कुजका, गोडसर वास येत होता. ती वासाच्या मागे मागे गॅलरीत गेली. कोपऱ्यात ते गाठोडं तसंच होतं, त्याच्याभोवती बारीक माश्या.

ती खाली बसली. हातमोजे आत कपाटात होते. तिने नखांनी पहिली गाठ सोडवली, मग दुसरी. तिसरी सुटेना, ती दातांनी सोडवली. आतला हिरवा द्रव काळा पडून वाळला होता. चमचाभरच. तिने तोंड मिटलं आणि नाकाने खोल श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. तिने आणखी एकदा श्वास घेतला.

“मारतो, आई. वास मारतो,” ती मोठ्याने म्हणाली. “मला शिसारी यायची. दर रविवारी यायची.”

माश्या तिच्या बोटांवर येऊन बसल्या. तिने त्या हाकलल्या नाहीत.

“तरी तू जेवायचं होतंस गं.”